डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्यावर लगेच फरक दिसत नाही

गोळ्या चालू करून आठवडा झाला तरी तुमची पार्टनर तशीच पडून असते म्हणून तुम्ही हवालदिल झालायत, कळतंय, पण या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण २ ते ६ आठवडे जातात, बऱ्याचदा झोप-भूक आधी सुधारते आणि मूड मागाहून, त्यामुळे मध्येच बंद करू देऊ नका. 'काय हवंय तुला?' हे तर विचारूच नका, माझ्या बायकोला (घरच्यांच्या लेखी 'रूममेट', असो) उत्तर शोधायचंच ओझं व्हायचं, 'केस विंचरून देऊ?' म्हटलं की नुसती मान हलवली तरी भागायचं.

काउन्सेलरला पहिल्याच भेटीत विचारा, क्वीअर (समलैंगिक वगैरे) जोडप्यांसोबत काम केलंय का. 'या रिलेशनमुळेच झालं सगळं' म्हणाला तर सरळ दुसरा शोधा, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय. घरी माहीत नसेल तर सगळा भार तुमच्या एकटीवर येतो, तिला विचारून एखाद्या मैत्रिणीला तरी विश्वासात घ्या. आणि जीव द्यायचं बोलली तर स्पष्ट विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.