ओली फरशी आणि हलगर्जीपणाचा पुरावा

दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं की भरपाई मिळणारच, असं पुष्कळांना वाटतं. इतकं सोपं नाही ते. काळजी घेण्याचं कर्तव्य दुकानदारावर असतंच, त्यावर सहसा वाद होत नाही. घोडं अडतं कर्तव्यभंगावर: पाणी किती वेळ सांडलेलं होतं? दोन मिनिटांपूर्वी कुणा गिऱ्हाइकाच्या हातून सांडलं असेल तर दुकानदार सुटू शकतो. तासभर तसंच असेल, त्यात बुटांचे मळके ठसे उमटलेले असतील, तर सुटणं अवघड. म्हणून फरशी पुसण्याआधी फोटो काढा, साफसफाईच्या नोंदवहीची प्रत मागा आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा अशी लेखी नोटीस लगेच द्या. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, मग बसा हात चोळत.

दुसरी मेख कार्यकारणाची, म्हणजे इजा त्या पडण्यामुळेच झाली हे दाखवण्याची. डॉक्टरकडे आठवड्याने गेलात तर ‘दुखणं आधीचंच’ हा बचाव समोरच्याला आयता मिळतो. कुठे, कसे पडलात ते पहिल्याच तपासणीत केसपेपरवर लिहून घ्या. दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं. मात्र ‘फरशी ओली आहे’ हा फलक समोर असताना मोबाइलमध्ये डोकं घालून चालत होतात असं निघालं, तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते.