अनुभव धागा: मागाच्या गावात काय काय बदललं?

इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी, यंत्रमागाच्या गावात वाढलेल्यांनी लिहा. बाहेरचा स्वस्त माल आल्यावर तुमच्या घरात काय झालं ते. ऐकीव नको.

इचलकरंजी:
आमचे साधे माग, खर्चीवर. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी पिकावर (म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्यांवर) पैशात. 2011 ला बांगलादेशच्या 46 प्रकारच्या कपड्यांवरची ड्युटी गेली, पुढं जवळपास सगळ्यावरचीच, तेव्हा वडील म्हणाले आपण ग्रे (रंग-प्रक्रिया न केलेलं कोरं) कापड विणतो, तयार शर्टाशी आपला काय संबंध. पण शिवूनच आलेल्या शर्टाला इथलं कापड लागतंय कुठं, बऱ्याचदा ते चायनाचं असतं, मग इथल्या शिलाईवाल्याची ऑर्डर कमी, त्याची खरेदी कमी, आणि व्यापारी आम्हाला सांगणार मजुरी उतरवा नाहीतर बीम (उभ्या सुताचा रूळ) मिळणार नाही. वीजबिल मात्र उतरत नाही. शेवटी माग भंगारात किलोवर गेले. चालू माग होते हो, बंद पडलेले नव्हते.

सोलापूर, पूर्व भाग:
आमच्याकडे चादर. लग्नात आहेराला सोलापुरी चादर ठरलेली असायची, आता चायनाचं मिंक ब्लँकेट देतात, मऊ असतं आणि दिसतं मोठं. चादरीला जीआय (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) आहे, पण गिऱ्हाईक जीआय बघून घेत नाही. कितीतरी जण टॉवेलकडे वळले, काही युनिफॉर्म शिवायला लागले. आईची विडी होती म्हणून त्या काळात घर चाललं, हे लिहायलाच पाहिजे.

मालेगाव:
मी कामगार, मालक नाही. बारा तासांची पाळी, पगार हप्त्याला, म्हणजे आठवड्याला. मंदी आली की मालक मिळून माग बंद ठेवतात, माल साठू नये म्हणून. त्यांचं बरोबर असेल, पण आमचा त्या हप्त्याचा पगार कोण देणार? इथं कुणी विचारत नाही म्हणून लिहिलं.

भिवंडी:
सगळा दोष इंपोर्टवर टाकू नका असं मला वाटतं. जुने माग, विजेचा दर, नोटबंदी, सगळं एकावर एक आलं. तरी सांगतो, वडील मागावर होते आणि मी इथंच गोडाऊनला आहे, बॉक्स स्कॅन करतो, त्यात बांगलादेशचे शर्ट पण असतात. पगार वेळेवर होतो. वडिलांना मी त्या शर्टांचं सांगितलेलं नाही.

इचलकरंजी (वरच्यांना):
दादा, विजेचं आणि जुन्या मागांचं पटलं. ज्यांनी रेपिअर, एअरजेट असे नवे बिनधोट्याचे माग घेतले ते टिकून आहेत. पण चार-सहा मागवाल्याला तेवढं कर्ज कोणती बँक देते?