माउंडवर परत वळलो म्हणून पिचर बाहेर? हा कुठला न्याय?

परभणीचा पीटी सर:
राम राम मंडळी. शाळेची बेसबॉल टीम माझ्याच गळ्यात हाय. परवा पिचर, म्हंजे बॉल टाकणारं पोरगं, घाबरलं म्हणून समजावायला माउंडवर, त्याच्या उंचवट्यावर गेलो. फक्कीच्या गोलाबाहेर आलो आन् आठवलं, पाणी पी म्हणायचं राहिलं. परत वळलो. अंपायर म्हणतो, दोन खेपा झाल्या, पिचर बदला!

लातूरवाला:
सर, अंपायर बरोबर. एकाच इनिंगमधे त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला की पिचरला जावंच लागतं. माउंडचा 18 फुटी गोल सोडला, खेप संपली. जुलै 2010 मधे अमेरिकेतल्या डॉजर्स टीमचा कोच डॉन मॅटिंगली असाच फसला. मॅनेजर जो टोरीला अंपायरनं हाकललेलं, कारभार ह्याच्याकडं. माउंडवरून उतरता उतरता त्यांच्याच जेम्स लोनी ह्या खेळाडूनं काहीतरी विचारलं, हा वळला. समोरच्या जायंट्स टीमचा मॅनेजर ब्रूस बोची टपूनच बसलेला! पिचर ब्रॉक्स्टन गेला, मॅचबी गेली. एवढ्या मोठ्या टीमचं हे, तर आपलं काय.
पण सर, नियम तुम्हालाच पाठ पाहिजे. पोराचा काय दोष?

नांदेडकर:
अमेरिकेच्या मेजर लीगमधे एका टीमच्या अख्ख्या मॅचच्या खेपाबी मोजतात. हद्द 2018 ला 6, 2019 ला 5, 2024 पासून 4.

परभणीचा पीटी सर:
मग कॅचरच्या, म्हंजे बॅटरमागं बॉल झेलणाऱ्याच्या, हाती निरोप धाडला असता तर?

लातूरवाला:
तुम्ही कॅचरला जाऊन सांगितलं आन् पुढचा बॉल पडायच्या आत तो माउंडवर गेला, तर ती तुमचीच खेप. बाकावरून ओरडा की!

परभणीचा पीटी सर:
बरं. पोरगं म्हणालं, सर, मला तहान नव्हतीच.