शब्दचर्चा: ‘अकाउंटेबिलिटी’ला जबाबदारी म्हणावं, उत्तरदायित्व की जबाबदेही?

प्रश्न:
ग्रामसभेआधी गावात वाटायला आम्ही एक पत्रक लिहितोय. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, आमदार यांच्याकडे मतदाराने काय मागायचं आणि कोणत्या कायद्याखाली, हा विषय. शीर्षकात ‘लोकप्रतिनिधींची जबाबदारी’ लिहिलं की लोकांना वाटतं, यात त्यांच्या कामांची यादी असणार. आम्हाला म्हणायचंय ते असं, की विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. ‘उत्तरदायित्व’ लिहिलं तर कुणी पुढे वाचत नाही. ‘जबाबदेही’ हल्ली बातम्यांत दिसतो. मराठीत चालेल का?

प्रतिसाद १:
जबाबदेही हिंदीतून आलाय आणि तिकडे तो मेहनतीने रुजलाय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. गावातल्या कामांची बिलं आणि मजुरांचे हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले, आणि ज्यांच्या नावावर मजुरी लावली होती त्यांनाच विचारलं, पैसे मिळाले का? ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच लढ्यातली. त्यामुळे शब्द हिंदी आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

पण मराठीत त्याची गरज आहे का, हे बघू. फारसीत ‘दार’ म्हणजे बाळगणारा आणि ‘देह’ म्हणजे देणारा. जबाबदार माणसाकडे जबाब असतो, जबाबदेह माणूस तो देतो. आपण फक्त पहिला घेतला आणि त्याला जोडलेली क्रियापदं बघा: जबाबदारी सोपवतात, पेलतात, पार पाडतात, झटकतात. एकातही विचारणारा माणूस नाही. एखाद्याला ‘पालकमंत्रिपदाची जबाबदारी’ मिळते तेव्हा तर तो मानच असतो, हारतुरे होतात. आता ‘जाब’ घ्या. जाब विचारतात, मागतात, तो द्यावा लागतो. दोन माणसं असल्याशिवाय हा शब्द वापरताच येत नाही. तुम्हाला हवा तो अर्थ इथे आहे.

प्रतिसाद २:
वरच्या प्रतिसादाला पुष्टी. ग्राहक तक्रार मंचांच्या (आता ग्राहक आयोग) मराठी निकालांत ‘तक्रारदार’ विरुद्ध ‘जाबदेणार’ अशी मांडणी असते. म्हणजे जबाबदेहला नेमका मराठी शब्द आहे आणि तो वापरातही आहे. पेशवाईच्या कागदांत ‘जाबसाल’ भेटतो, सवाल-जबाब या अर्थाने.

प्रतिसाद ३:
उत्तरदायित्व हा शब्द इतक्या सहज मोडीत काढू नका, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडताना दोन प्रकारची तपासणी सांगितली होती. एक रोजची: सभागृहातले सदस्य प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून सरकारला धारेवर धरतात. दुसरी ठरावीक मुदतीची: निवडणुकीत मतदार करतात ती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त मिळालं असतं, तरी मसुद्याने संसदीय पद्धत घेतली ती या रोजच्या तपासणीसाठी. तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असे), लक्षवेधी सूचना, सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती, मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का ते बघणारी आश्वासन समिती ही सगळी त्या रोजच्या तपासणीची हत्यारं. मंत्रिमंडळाचं विधानसभेशी जे नातं आहे त्याला ‘उत्तरदायी’ हाच शब्द शोभतो.

मात्र या साखळीत एक अडचण आहे. मतदार आमदाराला विचारणार, आमदार मंत्र्याला, मंत्री अधिकाऱ्याला. तलाठ्यापर्यंत पोचेपर्यंत पाच वर्षं सरतात. म्हणून अधिकाऱ्याला मतदाराने थेट विचारायची सोय कायद्यांनी केली, आणि तुमच्या पत्रकात सर्वांत जास्त जागा त्यांना द्या. माहितीचा अधिकार: महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा होता, आता लागू आहे तो देशाचा, २००५ चा. साधारण ३० दिवसांत माहिती द्यायची. विनाकारण उशीर केला तर माहिती आयोग जन माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा: दाखला मुदतीत दिला नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंड. आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा, ज्याचं पूर्ण नाव कुणीच घेत नाही: एका कर्मचाऱ्याकडे फाईल एरवी कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये, मुद्दाम अडवली तर शिस्तभंगाची कारवाई. हा तिसरा कायदा गावात जवळजवळ कुणाला माहीत नसतो. तो ठळक छापा.

प्रतिसाद ४:
शब्दाइतकीच वाक्यरचनाही बघा. सरकारी पत्र येतं: ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात येत आहे.’ कार्यवाही कोण करणार? कधी? वाक्यात कर्ताच नाही, आणि जिथे कर्ता नाही तिथे जाब विचारायचा कुणाला! पत्रकात ‘तक्रार करावी’ असं मोघम लिहू नका. ‘तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघा’ असं लिहा. प्रत्येक वाक्यात पद आणि मुदत हवी.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. ‘जाब’ वरच मन बसतंय. पण घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, जाब विचारणं म्हणजे भांडायला जाणं. गावात ग्रामसेवक रोज भेटतो, शब्दाने तेढ नको.

प्रतिसाद १:
सासऱ्यांचं बरोबर आहे, जाबमध्ये चढा सूर आहे. शीर्षकात तो राहू द्या, तिथे जोर हवाच. आत मात्र प्रसंगानुसार शब्द बदला. पैशांसाठी ‘हिशेब मागा’, खर्चाचे कागद बघायचे असतील तर ‘तपासायला मागा’, काम रखडलं तर ‘उशिराचं कारण लेखी मागा’. सरपंचांसाठी पत्रकात वेगळा मुद्दा करा: थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तर तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला जातो. तिथे ‘मागा’ नको, ‘हजर राहा आणि मत द्या’ असं लिहा.