लॅटिनो विद्यार्थ्यांची गळती: स्थानिक संस्थांची मदत नेमकी कशी घ्यावी?

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात बरीच लॅटिनो मुलं पहिल्या वर्षानंतर दिसेनाशी होतात. स्थानिक संस्थांशी करार आहेत, पण कागदावरच. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: पुएन्ते हा कम्युनिटी कॉलेजांतला कार्यक्रम बघा. १९८१ साली हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झाला. लेखनाचा वर्ग, समुपदेशक आणि समाजातला मार्गदर्शक, तिन्ही एकाच गटासाठी. नुसता मार्गदर्शक उचललात तर फसाल. मुलगी तासाला येत नाही हे त्याला कळणार कसं?

उत्तर २: माझ्या मते आधी पैसा. फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, दरवर्षी नव्याने भरावा लागतो, मुलं तिथेच सुटतात. चर्चमध्ये किंवा वाचनालयात स्पॅनिश बोलणारा माणूस बसवा. या अर्जासाठी पालकांचं ऑनलाइन खातं वेगळं लागतं. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी ते उघडता येतं, पण ओळख पडताळणीत वेळ जाऊ शकतो. म्हणून खातं आधी, अर्ज नंतर.

उत्तर ३: फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा अमेरिकी कायदा, विसरू नका! विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेरच्या संस्थेला गुण, हजेरी सहसा देता येत नाही. प्रवेशाच्या दिवशीच सही घ्या. कोणती माहिती, कशासाठी आणि कोणाला, हे त्यात स्पष्ट हवं. आणखी एक: न्यूयॉर्कच्या असॅप या पदवी पूर्ण करायला मदत करणाऱ्या कार्यक्रमात मोफत मेट्रोकार्ड (प्रवासाचं कार्ड) सल्लागाराच्या भेटींशी जोडलं होतं, तसं इथे बसपासचं करता येईल.