गच्चीवरील जाहिरात फलकाचा प्रस्ताव : रविवारच्या सभेआधीची चर्चा

सचिव (ए-102): सर्व सभासदांना नमस्कार. एका जाहिरात एजन्सीने आपल्या बी विंगच्या गच्चीवर, रस्त्याच्या बाजूने, 40 बाय 20 फुटांचा फलक उभारण्याचा लेखी प्रस्ताव दिला आहे. करार तीन वर्षांचा असेल, भाडे दरमहा मिळेल आणि पुणे महापालिकेची परवानगी काढण्याची जबाबदारी एजन्सी घेईल, असे पत्रात म्हटले आहे. रविवारच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार असल्याने सभासदांनी आपली मते येथे मांडावीत, ही विनंती.

खजिनदार (ए-304): लिफ्टचे काम आणि बाहेरचा रंग हे दोन्ही खर्च डोक्यावर आहेत, त्यामुळे या भाड्याचा मोह मला पडला हे मी मोकळेपणाने सांगतो. मात्र एक गोष्ट हिशेबात धरावी लागेल. हे पैसे सभासदांकडून नव्हे, तर बाहेरच्या कंपनीकडून येणार असल्यामुळे मेंटेनन्सच्या वर्गणीला मिळणारी परस्परतेच्या तत्त्वाची (सभासदांनी स्वतःसाठीच गोळा केलेल्या पैशावर कर नाही, ही) सवलत त्यांना लागू होत नाही. या उत्पन्नावर सोसायटीला आयकर भरावा लागेल, म्हणजे पत्रातली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम एक नसेल.

सी-203: परवानगी महापालिका देणार, फलक एजन्सी उभारणार आणि विमाही तेच काढणार असतील, तर सोसायटीने नेमके कशाला घाबरायचे? काका, आपण आयुष्यभर स्ट्रक्चरल डिझाइनचे काम केले आहे, आपण सांगावे.

बी-601: सांगतो, पण थोडे सविस्तर लिहावे लागेल.

13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळी वाऱ्यात एक फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली. मुंबई महापालिकेच्या नियमानुसार फलकाची कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट होती. हा फलक 120 बाय 120 फुटांपेक्षा लहान नव्हता, म्हणजे क्षेत्रफळाने किमान नऊपट होता. तो काही आडबाजूला उभा नव्हता, रोज हजारो लोक त्याच्याखालून जात होते. तरीही तो उभा राहिला, कारण जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती, परवानगी त्यांच्याकडून घेतलेली होती आणि महापालिकेची परवानगी घेतलेलीच नव्हती. चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमावी लागली. परवानगीचा एक कागद हाती असणे आणि जिच्या परवानगीची गरज आहे त्या यंत्रणेने तो फलक प्रत्यक्ष तपासलेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच ‘परवानगी एजन्सी काढेल’ या वाक्यावर मी विसंबणार नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 244 आणि 245 नुसार आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि जाहिरात फलकांसाठी 2022 साली राज्याने स्वतंत्र नियमही केले आहेत. अर्ज महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे, म्हणजे फलकांना परवाने देणाऱ्या विभागाकडे जातो. कायदा कमी पडतो असे मला वाटत नाही. परवाना मिळाल्यावर मंजूर नकाशातले माप आणि प्रत्यक्ष उभारलेले माप कोण ताडून पाहतो, पाच पावसाळे झाल्यावर बोल्ट कोण पाहतो, तिथे सगळे ढिले पडते.

आता आपल्या गच्चीबद्दल. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस 875 भाग 3, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरते. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 93 किलोचा दाब येतो. 40 बाय 20 फूट म्हणजे सुमारे 74 चौरस मीटर, म्हणजे फलकावर जवळजवळ सात टनांचा आडवा रेटा झाला. यात इमारतीची उंची आणि फलकाचा आकार यांचे गुणांक अजून धरलेले नाहीत. लोक फलकाच्या वजनाची चौकशी करतात, पण वजन खाली जाते आणि ते कॉलम पेलतात. वारा फलकाला उलटवायला पाहतो, तो भार बेस प्लेटच्या (सांगाड्याच्या तळाच्या लोखंडी पाटीच्या) बोल्टमधून स्लॅबमध्ये उतरतो आणि आपला स्लॅब त्यासाठी डिझाइन केलेला नाही. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो.

बी-702: काकांनी लिहिले ते मला रोज डोक्यावर दिसते. दोन वर्षांपूर्वी टाकीच्या स्टँडसाठी गच्चीत चार बोल्ट मारले होते. त्यातल्या एका बोल्टभोवती वॉटरप्रूफिंग फुटले असून माझ्या बेडरूमच्या छतावर ताटाएवढा ओला डाग आहे, आणि तिथला पोपडा बोटाने दाबला तर आतली गंजलेली सळई दिसते. चार बोल्टांनी हे झाले. फलकाला किती बोल्ट लागतील?

सी-203: ताई, हे मला माहीत नव्हते. पण मग कोणीच कुठे फलक लावायचा नाही का? शहरात शेकडो फलक नीट उभे आहेतच.

बी-601: उभे आहेत, आणि नियमाने लावलेल्या फलकाला माझा विरोध नाही. पण आपल्याच भागातली दोन उदाहरणे सांगतो. 17 एप्रिल 2023 रोजी रावेत-किवळे येथे अवकाळी पावसात आडोशाला उभ्या असलेल्या लोकांवर फलक पडला आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्याआधी 5 ऑक्टोबर 2018 रोजी जुन्या बाजाराजवळच्या शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेतला सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला, त्यात चौघे गेले. तिथे वारा नव्हता, पाऊस नव्हता. त्यामुळे करार संपल्यावर सांगाडा कोण, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या देखरेखीखाली उतरवणार, हेही आजच लिहून घ्यावे लागते. एजन्सीच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

ए-405: या निमित्ताने गेटवरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचाही विषय घ्यावा. विनापरवाना फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये सविस्तर निकाल दिला आहे, तरी आपल्या कंपाउंडच्या भिंतीला दर महिन्याला कोणीतरी तारेने फ्लेक्स बांधून जाते. वळणावर गाडी बाहेर काढताना उजवीकडची वाहने दिसत नाहीत. गच्चीचा प्रश्न आपल्या हातात आहे, तसा हाही आहे. वॉचमनने फोटो काढून त्याच दिवशी महापालिकेकडे तक्रार नोंदवावी, असा ठराव करावा.

खजिनदार (ए-304): मी माझा आधीचा कल मागे घेतो. रंगकामासाठी सभासदांकडून हप्त्याने वर्गणी घेता येईल, त्याचा तक्ता मी शनिवारपर्यंत टाकतो.

सचिव (ए-102): रविवारी मतदान होईपर्यंत एजन्सीला कोणतेही संमतिपत्र दिले जाणार नाही. बी-702 मधला स्लॅब मात्र सभेची वाट पाहू शकत नाही. काका, उद्या सकाळी सात वाजता गच्चीची किल्ली वॉचमनकडे असेल. आपण येणार असाल तर मी टेप आणि टॉर्च घेऊन येतो, आधी तो बोल्ट पाहू.