काकांचा दुबईचा फ्लॅट पर्यटकांना द्यायचा तर?

मोठेकाका: सगळ्यांना नमस्कार. जुमेराह व्हिलेज सर्कलमधल्या आपल्या फ्लॅटचं भाडं फार कमी येतंय. त्याच बिल्डिंगमधला एक मालक हिवाळ्यात पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देतो. करार संपला की भाडेकरूला सोडायला सांगून एअरबीएनबीवर टाकावा म्हणतो. ताई, तिथले नियम काय आहेत?

ताई (दुबई): काका, परमिट हातात येईपर्यंत कुठेही टाकू नका. २०१३ च्या ४१ क्रमांकाच्या फर्मानापासून हॉलिडे होम्सचं, म्हणजे पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी देतात त्या घरांचं, सगळं काम पर्यटन खात्याकडे आहे. पूर्वी डीटीसीएम म्हणायचे, आता डीईटी. मालक स्वतःच्या नावावर आठ घरांपर्यंत नोंदवू शकतो, त्यामुळे तुम्हाला कंपनी काढावी लागणार नाही. प्रत्येक पाहुण्याची माहिती त्यांच्या पोर्टलवर भरायची. शिवाय टुरिझम दिरहम, म्हणजे पर्यटन शुल्क: दर रात्री दर बेडरूममागे साध्या वर्गाला १० दिरहम, डिलक्सला १५.

मोठेकाका: एवढंच असेल तर जमेल की!

ताई (दुबई): अडचण भाडेकरूची आहे. करार संपला म्हणून त्यांना बाहेर काढता येत नाही. २००७ चा २६ नंबरचा कायदा आणि त्यातली २००८ ची दुरुस्ती बघा. मुदत संपल्यावर घर रिकामं करून मागायला ठरावीकच कारणं चालतात: घर विकायचंय, पाडायचंय, आत राहून करता येणार नाही अशी मोठी दुरुस्ती आहे, किंवा स्वतःला नाहीतर आईवडील-मुलांना राहायचंय. पर्यटकांना द्यायचंय हे कारण त्यात नाही. आणि कारण खरं असलं तरी १२ महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. व्हॉट्सॲपवरचा मेसेज चालत नाही.

बाळूदादा: मग स्वतःला राहायचंय असं लिहून द्यायचं. कोण बघायला येतंय?

ताई (दुबई): दादा, असं अजिबात करू नका. त्या कारणाने घर रिकामं केलं तर पुढची दोन वर्षं ते भाड्याने देता येत नाही. दिलं तर जुना भाडेकरू रेंटल डिस्प्युट्स सेंटरमध्ये, म्हणजे भाड्याच्या तंट्यांच्या कोर्टात, जाऊन भरपाई मागू शकतो. इथे एकाच बिल्डिंगमधल्या लोकांना सगळं कळतं.

आत्या: त्या घरात लहान मुलं आहेत ना रे दादा? शाळा जवळ म्हणून तर त्यांनी ते घर घेतलं होतं. खोटं लिहून कुणाचं बिऱ्हाड उठवू नये, कायदा काही का म्हणेना.

मोठेकाका: खोटं लिहिणार नाही गं. पण चार वर्षं भाडं तेच आहे, मी काय करू?

ताई (दुबई): भाडं वाढवा ना! तो हक्क तुम्हाला आहे आणि तुम्ही वापरलेलाच नाही. रेंटल इंडेक्सवर, म्हणजे भाड्याच्या सरकारी दरसूचीत, तुमच्या बिल्डिंगचा दर बघा. तुमचं भाडं त्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ नाही. ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के वाढ, २१ ते ३० ला १०, ३१ ते ४० ला १५, आणि ४० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर २० टक्क्यांपर्यंत. फक्त करार संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवायचं.

मोठेकाका: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बघतो.

सीएदादा (ठाणे): काका, आता इकडचं. तुम्ही २०१९ ला परत आलात, म्हणजे आरएनओआरची, परदेशातून परतल्यावर पहिली काही वर्षं मिळणारी करसवलत कधीच संपली. रात्रीचं असो की वर्षाचं, ते भाडं भारतात करपात्र आहे. तिकडे वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे इथे वजा करायलाही काही नाही. वर्षभराचं भाडं घरभाड्याच्या उत्पन्नात धरलं तर ३० टक्के वजावट मिळते. पर्यटकांना साफसफाई, चादरी वगैरे सेवांसह दिलं तर तो धंदा मानला जाऊ शकतो, मग हिशेब बदलतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरलंय का? फ्लॅट आणि तिथलं बँक खातं, दोन्ही?

मोठेकाका: भाडं दरवर्षी दाखवतो. शेड्यूलचं बघावं लागेल.

सीएदादा (ठाणे): आजच बघा. उत्पन्न दाखवलं तरी मालमत्ता तिथे लिहिलेली नसेल तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून जी सूट आहे, ती घर-जमिनीला नाही. आकडे जानेवारी ते डिसेंबरचे भरायचे, एप्रिल-मार्चचे नाहीत.

वहिनी: आम्हीही तिकडे घ्यायचा विचार करतोय. पैसे पाठवता येतात का?

सीएदादा (ठाणे): हो वहिनी, एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो. काकांनी मात्र तिकडे राहत असताना घेतला, त्यामुळे फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) कलम ६(४) खाली त्यांना तो ठेवता येतो आणि भाडंही तिकडच्या खात्यात राहू शकतं. तुम्हाला ही मोकळीक नाही. न गुंतवलेलं भाडं १८० दिवसांत भारतात आणावं लागेल.

मोठेकाका: इंडेक्स बघितला. भाडं २६ टक्के कमी आहे, म्हणजे १० टक्के वाढ मागता येईल. एअरबीएनबी रद्द. ताई, ९० दिवसांच्या पत्राचा मसुदा करून देशील का?

ताई (दुबई): रात्री पाठवते. इजारीची, म्हणजे तिथल्या भाडेकराराच्या सरकारी नोंदणीची, प्रत द्या, कराराची तारीख त्यावरूनच घेईन.

सीएदादा (ठाणे): आणि मला गेल्या तीन वर्षांचे रिटर्न पाठवा काका, ग्रुपवर नको, माझ्या नंबरवर.